यंदाच्या हंगामात खरंच वापरलेली जुनी साधनं (आठवणी नकोत, वापर सांगा)

काळीकसदार (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. जुन्या वस्तूंवरचे धागे इथे अधूनमधून निघतात आणि तिसऱ्या प्रतिसादापर्यंत आजीच्या हातच्या भाकरीवर येऊन बसतात. म्हणून आधीच अट घालतो. साधन जुनं असावं आणि तुम्ही ते या वर्षात स्वतः वापरलेलं असावं. 'सात्त्विक', 'पूर्वजांचं विज्ञान' वगैरे नको. काम काय होतं, खर्च काय येतो, बिघडलं तर कोणाकडे नेता, हे सांगा.

सुरुवात माझ्यापासून. डवरा.

पऱ्हाटी (कपाशी) हातभर झाली की ओळींमधून बैलांनी ओढायचा डवरा फिरतो. त्याची पास (आडवं लोखंडी पातं) मातीच्या दोन-तीन बोटं खालून सरकते, तण मुळाशी कापते आणि वरचा थर मोकळा करते. हे दुसरं काम लोक विसरतात. आपली काळी जमीन उघाड पडली की भेगाळते, आणि खालची ओल त्या भेगांतून उडून जाते. डवरणीने भेगा बुजतात आणि वर भुसभुशीत मातीचं पांघरूण तयार होतं. 'एक डवरणी, अर्धं पाणी' असं म्हणतात ते यासाठी. तणनाशक तण मारेल, भेग बुजवणार नाही.

मर्यादाही सांगतो. झड लागली की डवरा घरात. वाफसा नसताना घातला तर पासेला चिखलाचा गोळा बसतो आणि पऱ्हाटीची मुळंही दुखावतात. अशा वर्षी फवारणीवाचून गत्यंतर नाही.

बैल माझ्याकडे आता नाहीत. जोडीची किंमत आणि बारा महिन्यांचं कुटार-ढेप (भुसा-पेंड) परवडेना म्हणून विकले. शेजाऱ्याची जोडी भाड्याने आणतो, आणि बांधाकडच्या अडचणीच्या तासांना सायकल डवरा. जुन्या सायकलचं पुढचं चाक, हँडल आणि मागे पास. गावच्या वेल्डरने बनवून दिला. पास शेवटून (तापवून, ठोकून धार लावून) आणायला मात्र अजून खात्याकडेच जावं लागतं. खाती, म्हणजे लोहार. इथे मुंबईकर वाचक आहेत म्हणून सांगितलं, नाहीतर बँकेचं समजतील.

संत्राबाग (वरुड)

राजेहो, आपला नंबर रेडिओचा. मिडियम वेव्हवाला ट्रान्झिस्टर, दोन मोठ्या सेलवर चालते.

हरभऱ्यात रानडुकरं अन् रोही (नीलगाय) येते. जागलीले गेलो का रेडिओ खाटेच्या पायाले टांगतो अन् चालू ठेवतो. जनावराले माणसाचा आवाज ऐकू आला पाह्यजे, बातम्या असो का भजन, त्याले काय फरक पडते! मोबाइल रातभर वाजवला तर सकाळी मुडदा. हे सेल लय दिवस पुरते.

नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर लागते. आमच्या खोऱ्यात मोबाइलची रेंज टेकडीआड मरते, पन मिडियम वेव्हची लाट जमिनीच्या अंगानं लांब येते, तिले टावर दिसाची गरज नाई. आवाज बारीक असला तर अँटेना ओढू नका, ते एफएमसाठी राह्यते. अख्खा रेडिओच फिरवा. आत काळी फेराइटची कांडी हाये. तिचं टोक स्टेशनाकडे असलं का आवाज मरते, कांडी आडवी झाली का खुलते.

दोन दुश्मन: स्वस्तातला एलईडी बल्ब अन् सोलर पंपाचा कंट्रोलर. हे चालू असले का रेडिओत भुंगा शिरते. म्हून खोपडीपासून (झोपडीपासून) दूर टांगतो.

अन् खरा फायदा वेगळाच. ईज जवळ याच्या आधी रेडिओत कडकड सुरू होते. लांबचं वादळ बी त्यात ऐकू येते. इजेचा इशारा देनारं 'दामिनी' अ‍ॅप चांगलंच हाये, पुण्याच्या लोकायनं बनवलं, पन त्याले नेटवर्क लागते अन् आमच्या वावरात तेच नसते. कडकड घट्ट होत चालली का मी औजार ठेवतो अन् घराकडे निंगतो. झाडाखाली थांबत नाई.

भटक्या_नागपूरकर

शकुंतला एक्स्प्रेस! मूर्तिजापूर-यवतमाळ, मूर्तिजापूर-अचलपूर. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. आहे का असं काही आज?

काळीकसदार

@भटक्या, गाडी बंद आहे. यंदा त्यात बसून कुठे गेलात ते सांगा, मग यादीत घेतो.

भटक्या_नागपूरकर

बरं बाप्पा. अवांतर समजा.

बोरिंगमिस्त्री (निवृत्त)

मी हातपंप दुरुस्तीच्या पथकात नोकरी केली, आता गावात आहे. आजही कोणी ना कोणी पाना घेऊन दारात उभा राहतो. त्यामुळे माझ्या अधिकारात लिहितो: हातपंप, ज्याला आपल्याकडे सगळे बोरिंगच म्हणतात.

गावोगावी उभा असलेला पंप म्हणजे इंडिया मार्क दोन. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तो घडला आणि त्याचं मूळ आपल्याच राज्यात आहे. त्याआधीचे पंप ओतीव लोखंडाचे, एखाद्या कुटुंबाच्या वापरापुरते. त्यावर अख्खं गाव तुटून पडलं की काही दिवसांत मोडायचे. जालना आणि सोलापूरकडे मिशनच्या लोकांनी बोअरवर टिकेल असा पोलादी पंप केला होता. एकाच आसावर फिरणारा दांडा आणि दांड्यापासून खालच्या सळईपर्यंत साखळी. मार्क दोनने हीच कल्पना उचलली आणि सुटे भाग देशभर एकाच मापाचे केले. म्हणून गोंदियाचा वॉशर बुलढाण्यात बसतो.

दांड्याचं गुणोत्तर आठास एक आहे. म्हणून दहा-बारा वर्षांची पोरगीसुद्धा ४०-४५ मीटरवरून पाणी ओढते. मिनिटाला चाळीसेक हात मारले तर बारा लिटरच्या आसपास पाणी पडतं. वीज नाही, बिल नाही. नळयोजना आल्यावर आमच्या गावाने हातपंप काढून टाकायचा ठराव घेतला होता, मी सभेत उभा राहून विरोध केला. पुढे टाकीची मोटर जळली तेव्हा सगळ्या बादल्या त्याच पंपाखाली रांगेत होत्या, ठराव मांडणाऱ्यांच्या सुद्धा. नावं घेत नाही.

आता कामाचं. मिस्त्रीला बोलवायच्या आधी दोष ओळखायला शिका:

खूप हात मारल्यावर पाणी येतं आणि नंतर नीट चालतं, म्हणजे खालचा व्हॉल्व्ह गळतो आहे. पाइपातलं पाणी रात्रीतून खाली उतरतं. पाणी लगेच येतं पण दर हाताला कमी पडतं, म्हणजे सिलिंडरमधले वाटीसारखे वॉशर झिजले. दांडा एकाएकी हलका झाला आणि पाणी बंद, म्हणजे सळई तुटली किंवा आट्यातून सुटली. कुईकुई आवाज येत असेल तर साखळीला ग्रीस द्या, दुसरं काही नाही. निम्मे फोन मला या कुईकुईसाठी येत.

एक गोष्ट मात्र पंपाच्या हातात नाही. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी पिण्याचं नाही, पंप कितीही ठणठणीत असो. वासावरून, चवीवरून ते कळत नाही. पाणी तपासून घ्या.

झाडीपट्टी (भंडारा)

मिस्त्रीकाका, वाचनखूण साठवली.

माझ्याकडून वस्तू नाही, तलाव. चालेल का?

आमच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मामा तलाव आहेत. पाहुण्यांना वाटतं कोणाच्या तरी मामाचे. माजी मालगुजारी, त्याचं 'मामा'. गोंड राजांच्या काळापासून बांधले गेले. बांधणीत आणि पाणी वाटण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी (जमीनदारीसारखी सारावसुली) गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नावापुढे 'माजी' लागलं.

रचना अशी: उतारावर मातीची पाळ, एका बाजूला सांडवा, पाळीच्या पोटात तुडुम म्हणजे पाणी सोडायचं तोंड. तिथून पाट, पाटातून बांधी (धानाचं खाचर), एका बांधीतून दुसऱ्या बांधीत. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात भर घालतो. सगळं पाणी उताराने चालतं, कुठेही मोटर नाही. धानाला सगळ्यात जास्त भीती असते ती पाऊस लवकर निघून जायची. लोंबी भरायच्या वेळी एक पाणी चुकलं की पोचट दाणा. ते एक पाणी आम्हाला यंदाही तुडुमातूनच मिळालं. शेजारच्या गावात बोअर आहेत, पण ज्या आठवड्यात सगळ्यांना ओलीत पाहिजे त्याच आठवड्यात डीपी जळते. ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत धान वाट पाहत नाही.

आता रड. तलावात गाळ भरला आहे, काठाला बेशरमाची झुडपं माजली आहेत. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेत आमच्याकडे गाळ काढला, तर जेसीबीवाल्याने सपाट तळ करायच्या नादात काठची उथळ बाजूही खरवडली. ढिवर (मासेमार) लोक ओरडत होते की मासे तिथेच अंडी घालतात, काठच्या गवतात. कोणी ऐकलं नाही. तलाव म्हणजे नुसता पाण्याचा खड्डा नाही हे कंत्राटात कुठे लिहिणार?

पळसफूल (अमरावती)

धागा छान, पण बायका कमी दिसतात. म्हणून लिहिते.

कोणीतरी आता जात्याचं नाव काढणारच, त्याआधी माझं ऐका. आमच्या घरी जातं आहे. मी त्यावर तुरीची डाळ भरडलेली आहे. तूर भिजवा, वाळवा, भरडा, पाखडा, उरलेली परत भरडा. दोन बायका, आणि संध्याकाळी दोघींचे खांदे गेलेले. सासूबाईंनी तर उभं आयुष्य ओढलं. आमच्या बचत गटाने पीकेव्ही मिनी दाळ मिल घेतली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली आहे. तेव्हापासून जातं अंगणात उपडं आहे आणि सासूबाईंना त्याची अजिबात आठवण येत नाही. जात्याचं कौतुक मी बहुतेक अशांच्या तोंडून ऐकलं आहे ज्यांनी खुंटा कधी धरलेला नाही.

पण सूप! सुपाला पर्याय मला अजून कोणी दाखवावा. मिलमधून आलेल्या डाळीत टरफल, चुरी, खडा सगळं असतं. सूप वर उडवलं की हलकं टरफल पुढे जाऊन पडतं. तेच सूप तिरपं धरून गोल घोळलं की जड खडा एका कडेला येतो. एकाच साधनात वाऱ्याचं आणि वजनाचं, दोन्ही कामं. क्विंटलभर माल असेल तर चाळणी यंत्र परवडतं. पायलीभरासाठी ते यंत्र साफ करण्यातच वेळ जातो. सूप बुरडाकडून विणून घ्यायचं, शेणाने सारवायचं, म्हणजे फटी बुजतात आणि बारीक दाणा अडकत नाही. प्लास्टिकचं सूप आणून पाहिलं, त्यावर दाणा घसरतो, घोळलाच जात नाही. ते आता धुणी वाळत घालताना चिमटे ठेवायला आहे.

काळीकसदार

@पळसफूल, जातं बाद, सूप पक्कं. कोणाची हरकत?

संत्राबाग

कोनाची हिंमत हाये!

वायरमन_चांदा (चंद्रपूर)

कूलरचं कोणीच कसं लिहिलं नाही? विदर्भात राहता ना?

तत्त्व माठाचंच. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतं. पूर्वी साहेबलोकांच्या बंगल्यात दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी मारत. आपण त्याला पत्र्याचा डबा, एक्झॉस्ट पंखा आणि टिल्लू पंप जोडला.

पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात कूलरने नुसतं दमट होतं. त्यांच्याकडे होतच असेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर आणि हवेत आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेला पाण्याने जास्तीत जास्त २३-२४ अंशांपर्यंत उतरवता येतं. ताट्या (कूलरच्या बाजूंना लावलेले गवताचे पडदे) नीट भिजलेल्या असतील तर कूलरच्या तोंडाशी २८-२९ मिळतं. ४५ वरून २९! आणि वीज एसीच्या मानाने फारच कमी. तीच हवा जुलैत ३५ अंश आणि ७० टक्के झाली की कूलर जेमतेम चार अंश उतरवतो. म्हणून मृग लागला की कूलर बंद करून झाकायचा. त्यानंतर शिव्या देऊ नका.

तीन सूचना, मी घरोघरी हेच सांगत फिरतो. कूलरसमोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. हवा बाहेर गेली नाही तर खोली बाष्पाने भरते आणि मग तुम्ही पाहुण्यांसारखं बोलू लागता. दुसरं, आपलं पाणी जड आहे, टाकीतलं आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून द्या. नुसती भर घालत राहिलात तर क्षार साचून ताट्या दगड होतात. वाळ्याच्या ताट्या महाग, पण वुडवूलपेक्षा वास चांगला आणि कमी कुजतात. हनीकोंब पॅड टिकतो जास्त, पण त्याला क्षार बसला की साफ करणं कटकटीचं.

तिसरं जिवाचं. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पत्र्याची बॉडी, खाली पाणी, ओले हात, आणि टिल्लू पंपाची वायर चिकटपट्टीने जोडलेली. तीन पिनांची वायर घ्या, अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय का ते तपासून घ्या, आणि पाणी भरताना स्विच बंद करून पिन उपटा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. अर्ध्या घरांमध्ये स्विच न्यूट्रलवर बसवलेला असतो. ही आमच्याच धंद्यातल्या लोकांची करणी.

रुईगाठ (हिंगणघाट)

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, फिटर आहे. थोडक्यात लिहितो.

आपल्या जिनिंगमध्ये चालतात ते डबल रोलर जिन. रोलरने रुई ओढायची आणि पात्याने सरकी अडवायची, ही रीत १८४० च्या मॅककार्थी जिनची. अमेरिकेत बहुतेक कापूस करवतीच्या जिनवर निघतो. ते वेगवान आहेत, पण धागा जास्त तुटतो. त्यांच्याकडे यंत्राने वेचलेला, कचऱ्याचा कापूस येतो आणि वेगही लागतो. आपल्याकडे हाताने वेचणी, म्हणून सावकाश चालणारा रोलर परवडतो. मोटर नवी, बेअरिंग नवं, पण मूळ गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. शेतकऱ्याने ओला कापूस आणला की मात्र कोणतंच शतक उपयोगी पडत नाही, रोलरला गुंडाळा बसतो आणि आमची रात्रपाळी त्यातच जाते.

सेलूकर (वर्धा)

घाणी. जवसाचं तेल आम्ही अजून घाणीवर काढून घेतो. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथल्या मगनवाडीत बसून काम करत. तिथे घाणी सुधारण्यावर बरंच काम झालं, 'वर्धा घाणी' या नावाने ती ओळखली गेली. मगन संग्रहालय १९३८ पासून आहे, गेलात तर चरखे आणि अवजारं नीट बघा.

आता घाणीला बैल नाही, मोटर आहे. फेरे मात्र सावकाशच, त्यामुळे तेल एक्सपेलरइतकं तापत नाही. ढेपेत तेल जास्त राहतं, म्हणजे तेल कमी निघतं, म्हणजे महाग पडतं. पण ढेप आमच्याच गाईला जाते, त्यामुळे मला तो तोटा वाटत नाही. जवस घरचा न्या आणि समोर उभं राहून काढून घ्या. बाटलीवर 'लाकडी घाणी' छापायला काही लागत नाही. थोडंथोडंच काढा, जवसाचं तेल लवकर खवट होतं.

वायरमन_चांदा

@सेलूकर, जवसाच्या तेलाने बंडीच्या (बैलगाडीच्या) लाकडालाही हात मारतात ना? चिंध्या गोळा करून ठेवू नका. हे तेल वाळताना तापतं, चिंध्यांचा बोळा आपोआप पेटतो. पसरून वाळवा.

सेलूकर

हो, बंडीला मारतो. चिंध्या आता कुंपणावर टाकत जाईन.

काळीकसदार

मिस्त्रीकाका, धागा भरकटायच्या आत एक प्रश्न. आमच्या शाळेजवळच्या बोरिंगचं लक्षण तुमच्या यादीतलं दुसरं: पाणी लगेच येतं, पण दर हाताला अर्धं. ग्रामपंचायत म्हणते पथकाला कळवलंय. आम्ही चार जण मिळून वॉशर बदलू शकतो का? वॉशर कोणता घ्यायचा?

बोरिंगमिस्त्री (निवृत्त)

ग्रामपंचायतीला सांगून, त्यांच्या माहितीत करा, म्हणजे उद्या बोट तुमच्याकडे नको.

वॉशर दोन प्रकारचे मिळतात, चामडी आणि नायट्राइल रबराचा. नायट्राइल घ्या. चामडी उन्हाळ्यात बोअर आटली की वाळून आकसतो. चामडीच मिळाला तर बसवण्याआधी रात्रभर तेलात बुडवून ठेवा. जुना वॉशर निघाला की जपून ठेवा, पुढच्या वेळी दुकानात माप दाखवायला कामी येतो.

मार्क दोन असेल तर सिलिंडरपर्यंत पोचायला पाइप वर काढावेच लागतात, तीन-तीन मीटरचे. मार्क तीन असेल तर सळईबरोबर नुसता पिस्टन वर येतो, पाइप हलवायचे नाहीत. तुमचा कोणता ते आधी पाहून घ्या. पाइप मनगटाएवढा जाड दिसला तर बहुधा तीन. दोन असेल तर तिपाई, साखळी पुली आणि दोन क्लॅम्प लागतील. एका क्लॅम्पवर कधीच काम करू नका. पाइप सुटला की अख्खी माळ बोअरमध्ये, आणि मग ती गळाने काढायला मलाच बोलवाल. येत्या रविवारी मी मोकळा आहे, पण दुपारी नको. सकाळी सातला या, पाने मी आणतो.

संत्राबाग

काका, आमच्या पंपाची कुईकुई हाये. ग्रीस आनू का तुमाले आनू?

बोरिंगमिस्त्री (निवृत्त)

ग्रीस आण.